कारंजा लाड : चार वेशींच्या आतलं गाव

(दृश्य : दिल्ली वेशीची कमान, खालून जाणारी सकाळची वर्दळ)

कारंज्याला येणारी बहुतेक मंडळी गुरुमंदिरात जातात. नृसिंह सरस्वतींचं हे जन्मस्थान. दर्शन झालं, प्रसाद झाला की लोक परतीची एसटी धरतात. आपण मात्र आज जुन्या गावात शिरणार आहोत आणि पायीच फिरणार आहोत, कारण इथल्या बोळांत गाडी शिरत नाही.

वाशीम जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावाला चार वेशी : दिल्ली, पोहा, मंगरूळ आणि दारव्हा. पोहा, मंगरूळ, दारव्हा ही आसपासचीच गावं. चौथ्या वेशीनं मात्र थेट दिल्लीचं नाव घेतलंय. वऱ्हाडातली ही बडी पेठ होती. 1670 मध्ये, सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर दोन-अडीच महिन्यांतच, शिवाजी महाराजांची फौज मोगलांच्या ताब्यातल्या कारंज्यावर आली. सोनं, चांदी आणि उंची कापड चार हजार बैल-गाढवांवर लादून नेलं, असं इतिहासकार जदुनाथ सरकारांनी नोंदवलंय. एवढी दौलत जिथं साठली होती, ती गल्ली नीट बघावीशी वाटतेच.

(दृश्य : वाड्याचा दरवाजा, मग आतला चौक)

हा वाडा बघा. मोठ्या दरवाजातच छोटा दिंडी दरवाजा. वाकूनच आत जावं लागतं. दगडी तळखड्यावर सागवानी खांब उभा आहे. बसल्या माणसाची पाठ जिथं टेकते, तिथं लाकूड पिढ्यान्‌पिढ्यांच्या घामातेलानं काळंभोर, गुळगुळीत झालंय. त्याच्या वर तुळईखाली कोरलेली फुलं, पण तिथं कुणाचा हात पोचत नाही, म्हणून पाकळीची कड अजून धारदार आहे. भिंती पांढऱ्या मातीच्या, हातभर जाड. बाहेर वैशाखाचं ऊन भाजत असताना इथं पंख्याशिवाय बसता येतं. सिमेंटच्या खोलीत हे सुख नाही.

असे वाडे आता झपाट्यानं पडताहेत. भावाभावांत वाटण्या होतात, लाकडाला वाळवी लागते, दुरुस्तीचा खर्च एकट्याला झेपत नाही. मग कोरीव खांब जुन्या लाकडाच्या भावात विकले जातात. घरमालकाला दोष देऊन भागणार नाही. पण पाडण्याआधी निदान मापं घ्यावीत, फोटो काढावेत, एवढं तरी गावानं करायलाच हवं.

कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट तुम्हाला इथं कुणीही सांगेल. उंटांवर कस्तुरी घेऊन आलेल्या व्यापाऱ्याला गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा इथल्या एका जैन सावकारानं सगळा माल घेतला आणि बांधकामाच्या चुन्यात कालवला म्हणे. आख्यायिकाच ही, पण गावाला आपल्या ऐपतीचा किती अभिमान होता ते तिच्यातून कळतं.

(दृश्य : काष्ठासंघ मंदिरातलं लाकडी कोरीवकाम)

सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ, अशी दिगंबर जैन साधुसंघांच्या तीन परंपरांची मंदिरं जुन्या गावात आहेत. काष्ठासंघाच्या मंदिरातल्या लाकडी कोरीवकामासमोर थोडं थांबा. पण कारंज्याचा खरा ठेवा, माझ्या मते, इथल्या ग्रंथभांडारांत होता. दहाव्या शतकातल्या पुष्पदंत कवीची अपभ्रंश भाषेतली काव्यं इथल्या हस्तलिखितांत जपली गेली. अमरावतीच्या कॉलेजात शिकवणारे डॉ. हिरालाल जैन यांनी 1930 च्या दशकात कारंजा जैन ग्रंथमालेतून असे ग्रंथ संपादित करून छापले. ज्या अपभ्रंशातून आपली मराठी घडत गेली, त्या अपभ्रंशाचा अभ्यास करणाऱ्याला या गावाचं नाव टाळता येत नाही.

पुढे कापूस आला. 1886 मध्ये कारंज्यात नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. देशातला तो पहिला मानतात. मँचेस्टरच्या गिरण्यांना शुद्ध कापूस हवा होता, हे त्यामागचं कारण. मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेजची शकुंतला रेल्वेही कापसासाठीच इथून धावली. आता ती बंद आहे.

तुम्ही याल तेव्हा पौष-माघात या आणि सकाळी लवकर निघा. वाड्यात शिरण्याआधी घरच्यांना विचारा. ती माणसांची राहती घरं आहेत.