घरात किती, घरची किती

नमस्कार श्रोतेहो.

फेब्रुवारी २०११ मधली गोष्ट आहे. मी तेव्हा बीड जिल्ह्यात, डोंगरपट्ट्यातल्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक होतो. जनगणनेचं काम आलं होतं, प्रगणक म्हणून. सकाळी पिशवीत फॉर्मचा गठ्ठा घेऊन निघालो, तर पहिल्याच गल्लीत ओळीनं अकरा घरांना कुलपं. बाराव्या घरापुढं एक आजी बसलेल्या. दोन नातवंडं अंगणात, तिसरं मांडीवर. मी विचारलं, "आजी, घरात माणसं किती?" आजींनी माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "गुरजी, घरात किती इचारता, का घरची किती?"

मी गप्प झालो. कारण नियम असा होता की ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत जो माणूस एकही दिवस घरी आलेला नाही, त्याला घरी मोजायचं नाही. तो जिथं असेल तिथं मोजला जाईल. आजींचे दोन्ही मुलगे, दोन्ही सुना आणि शाळा सोडलेली मोठी नात बेळगावकडं ऊस तोडायला गेली होती. घरची माणसं नऊ, घरात चार. मी चार लिहिले.

देशाची लोकसंख्या, तिची वाढ आणि माणसांचं येणं-जाणं या विषयावर मला आज बोलायचं आहे. ते आजींच्या या प्रश्नापासूनच सुरू करतो, कारण आपण किती आहोत यावर आपण पुष्कळ बोलतो. कुठं आहोत, कशासाठी निघालो आणि जिथं पोचलो तिथं आपल्याला कोण विचारतं, हे मात्र बोलण्यात येत नाही.

एप्रिल २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी सांगितलं की भारतानं चीनला मागं टाकलं. एकशे बेचाळीस कोटींवर आपण गेलो. तेव्हा पारावर, एसटीत, चहाच्या टपरीवर एकच सूर होता, "लई झाली माणसं. कायदा करा, कडक करा." मला हा सूर पटत नाही, आणि तो का पटत नाही हे सांगायला आकड्यांचाच आधार घेतो. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशात एका बाईला सरासरी ३.४ मुलं होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत तो आकडा २.० वर आला. महाराष्ट्राचा तर १.७. आई-बापाची जागा भरून निघायला २.१ लागतात. म्हणजे आपलं राज्य त्याच्याही खाली आहे.

मग गर्दी वाढतेच का? तर वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ज्या मुली जन्मल्या, त्या आज आया होत आहेत, आणि त्या संख्येनं मोठ्या आहेत. प्रत्येकीनं दोनवर थांबायचं ठरवलं तरी एकूण बेरीज काही काळ वाढतच राहणार. संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे की २०६० च्या दशकात आपण एकशे सत्तर कोटींच्या आसपास पोचू आणि मग उतरू लागू. आज कितीही कडक कायदा केला तरी ज्या मुली जन्मून मोठ्या झाल्या आहेत त्या काही कमी होत नाहीत. त्यांच्यासाठी पाणी, शाळा, काम आणि दवाखाना याची तजवीज करणं एवढंच आपल्या हाती आहे.

कडक करण्याचा प्रयोग आपण करून पाहिलेला आहे. कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम सुरू करणारा भारत हा जगातला पहिला देश, १९५२ साली. त्याच्याही आधी, १९२१ मध्ये, र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्यापायी आयुष्यभर हाल सोसले. लोकांना समजावून सांगायची ती वाट होती. आणीबाणीत ती सुटली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. मी तेव्हा कॉलेजात होतो. आमच्या घरातले एक वडीलधारे शिक्षक होते. त्यांना 'केसेस', म्हणजे नसबंदीला तयार माणसं, आणायला सांगितलं होतं, नाही आणल्या तर पगार अडणार. रात्री ते अंगणात बसून राहायचे, जेवायचे नाहीत. गावात जीप आली की जवान माणसं ज्वारीच्या रानात पळायची. त्यानंतर कितीतरी वर्षं पुरुषांची नसबंदी हा शब्द उच्चारायची सोय राहिली नाही, आणि सगळा भार बायकांवर येऊन पडला, तो आजपर्यंत. चीननं १९८० च्या सुमारास एकाच मुलाची सक्ती केली आणि २०१६ पासून उठवली. आता तिथलं सरकार जास्त मुलं होऊ द्या म्हणून विनवतं आहे आणि २०२२ पासून लोकसंख्या घटते आहे.

दौलताबादच्या किल्ल्याकडं पाहिलं की मला हेच आठवतं. १३२७ साली महंमद तुघलकानं हुकूम काढून दिल्लीची माणसं देवगिरीला आणली. काही वर्षांतच त्यांना परत दिल्लीला धाडावं लागलं.

आता आपल्या घरातलं, मराठवाड्यातलं बोलतो. इथं मला थोडं थांबायचं आहे.

आकड्यात आपण सुधारलो, हे खरं. पण कसे सुधारलो ते पाहा. त्याच २०१९-२१ च्या पाहणीत वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांना विचारलं होतं, तुमचं लग्न अठराच्या आत झालं का? परभणी जिल्ह्यात ४८ टक्के जणींनी हो म्हटलं. बीडमध्ये जवळपास ४४. सगळ्या राज्याचा आकडा २२ च्या आसपास आहे. म्हणजे आपल्याकडं मुलगी सोळाव्या-सतराव्या वर्षी सासरी जाते, विशीपर्यंत दोन लेकरं होतात, बाविसाव्या वर्षी शस्त्रक्रिया होते. मुलं दोनच, पण ती मोठी करायला बाईला स्वतःचं लहानपण द्यावं लागलं.

हे कशानं होतं? कोयत्यानं. जे शहरात ऐकत असतील त्यांच्यासाठी सांगतो. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी नेणारा, उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो ती जोडीला. एकट्याला अर्धा कोयता, निम्मी उचल. दसरा-दिवाळीला माणसं निघाली की चौदा-पंधरा वर्षांची मुलगी घरी कुणाच्या भरवशावर ठेवायची? फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या रानात न्यायची, तर उघड्यावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, तिची काळजी. मग लग्न. लग्न झालं की नवा कोयता तयार. माझ्या वर्गातल्या मुली अशा गेल्या. सहावीत वाचन सगळ्यांत चांगलं असलेली एक मुलगी आठवीत दिवाळीची सुट्टी संपल्यावर आली नाही. मी घरी गेलो तर बाप म्हणाला, "गुरुजी, तुम्ही सांभाळता का सहा महिने?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. पुढं गावात हंगामी वसतिगृह चालू झालं, तेव्हा ते उत्तर मिळालं, पण ती मुलगी तोवर आई झाली होती.

याच बायकांपैकी तेरा हजारांहून जास्त जणींची गर्भाची पिशवी काढलेली आहे, असं २०१९ साली सरकारी समितीपुढं आलं. आणि ते एकट्या बीड जिल्ह्यात. पाळीच्या दिवसांत खाडा झाला की पैसे कापतात, पोट दुखतं म्हणून दवाखान्यात गेलं की पिशवी काढून टाका म्हणतात. तिसाव्या वर्षी. आणि २०११ च्या गणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं मुली होत्या ८०७. जी समाजव्यवस्था मुलीला जन्माआधी नको म्हणते, जन्मल्यावर लवकर उजवते आणि तिशीत तिची पिशवी काढते, तिनं जननदर खाली आणला म्हणून मला पाठ थोपटवून घेता येत नाही. मुलगी बारावीपर्यंत शिकली, हंगामात तिला गावातच राहायला सुरक्षित जागा मिळाली, तर लग्नही उशिरा होतं आणि मुलं किती हे ती स्वतः ठरवते. लोकसंख्येचं याहून चांगलं धोरण मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. तेव्हाही म्हणत होते, शहर फुगलं म्हणून ही वेळ आली. शहर वाढलं होतं, खरं आहे. शिकवणीसाठी सगळ्या मराठवाड्यातली मुलं तिथं येऊन राहतात. पण मांजरा धरण कोरडं पडलं त्या खोऱ्यात ऊस किती उभा होता? वर्षभराच्या उसाला दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाणी लागतं, आणि आपल्याकडं पाऊस पडतो सरासरी सातशेच्या आसपास. बाकीचं धरणातून आणि बोअरमधून उपसायचं. माणूस पिण्यापुरतं घेतो ते त्यापुढं ओंजळभर. तेव्हा पाणी संपलं की आधी माणसांकडं बोट दाखवू नये, पिकाकडं पाहावं. कोणत्या तालुक्यात किती पाणी आहे, त्यावर किती माणसं, किती जनावरं आणि कोणतं पीक जगेल, हा हिशेब पावसाळ्याआधी गावोगाव झाला पाहिजे. गावातून माणसं निघतात ती माणसं जास्त झाली म्हणून नाही. कोरडवाहू रानात दिवाळीनंतर काम उरत नाही, म्हणून निघतात.

आणि आता येणाऱ्यांचं. आपण नेहमी जाणाऱ्यांचं बोलतो, पण आपल्याकडं माणसं येतातही. जालन्याच्या स्टीलच्या भट्ट्यांपुढं, संभाजीनगरच्या बांधकामांवर बिहारची, उत्तर प्रदेशची पोरं उभी असतात. त्यांच्याबद्दल आपल्याच तोंडून जे निघतं, तेच पुण्यात आपल्या पोरांबद्दल निघतं. माझा पुतण्या तिथं खोली शोधत होता, तर मालकानं गाव विचारलं आणि दार लावून घेतलं. तो फोनवर हसत सांगत होता. मला रात्री झोप आली नाही.

याच संभाजीनगरचं उदाहरण घ्या. हबशांच्या देशातून, म्हणजे इथिओपियातून, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर इथं आला, निजामशाहीचा वजीर झाला, १६१० साली त्यानं खडकी वसवली. तेच हे शहर. आणि माणसं वसवायची तर आधी पाणी हवं, म्हणून जमिनीखालून नहर आणली. बाहेरून आलेल्या माणसानं केलेलं हे काम. येणारा माणूस नुसता खायला येत नाही. आणि त्याला येऊ द्यायचं तर पाण्याची, घराची सोय आधी करावी लागते, हेही त्या नहरीतच दिसतं.

देशाच्या हद्दीवरही हाच विचार लागू आहे. आपल्या देशात कोण यावं, किती यावं, हे ठरवायचा प्रत्येक देशाला अधिकार आहे, आणि तो त्यानं उघडपणे, नियमानं वापरावा. कॅनडानं १९६७ पासून गुण देऊन माणसं निवडली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मात्र त्यांनी पुढच्या वर्षाचं उद्दिष्ट पाच लाखांवरून तीन लाख पंचाण्णव हजारांवर आणलं, कारण घरं आणि दवाखाने पुरेनात. मला यात गैर काही वाटत नाही. सोय पाहून दार कमी-जास्त उघडणं हे शहाणपणाचं आहे. गैर आहे ते माणसाला कामापुरतं आत घेऊन त्याला माणूस न मानणं. संयुक्त अरब अमिरातीत दहांतली साधारण नऊ माणसं परदेशी आहेत. आखातात कित्येक कामगारांचा पासपोर्ट मालकाकडं अडकलेला असतो, आणि एजंटाचं देणं फेडेपर्यंत सुटका नसते. श्रोतेहो, हे ऐकून आपल्याला उचल आठवत नाही का? तिथं पासपोर्ट, इथं आधार कार्ड ठेवून घेतलेलं मी पाहिलंय. उलट २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, त्यात जाणाऱ्याला आधी भाषा आणि कौशल्य शिकवायचं ठरलं. तिथल्या स्टुटगार्टला जाणाऱ्या नर्ससाठी आपण एवढं करू शकतो, तर बीडमधल्या धारूरहून कोल्हापूरला जाणाऱ्या कोयत्यासाठी का नाही? १९७९ साली स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला, तोही राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांपुरताच होता. कोल्हापूरपर्यंत गेलेला त्यात बसत नव्हता.

माझं मागणं मोठं नाही. गावातून निघणाऱ्या प्रत्येक जोडीची नोंद ग्रामपंचायतीत व्हावी, सोबत लेकरं किती तेही लिहावं, आणि ती यादी जिथं फड आहे तिथल्या गावाला आधी पोचावी. मग तिथल्या अंगणवाडीला, आरोग्य उपकेंद्राला, रेशन दुकानाला कळेल की नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत आपल्याकडं चारशे माणसं जास्त आहेत. रेशन आता कुठल्याही गावात उचलता येतं, पण दुकानात तेवढा माल आलेला असला तर.

आणि एक महत्त्वाचं. पुढच्या जनगणनेची तारीख धरली आहे १ मार्च २०२७. माणसांची मोजणी त्याच्या आधी, फेब्रुवारीत होईल. पुन्हा फेब्रुवारीच. पट्टा पडलेला, म्हणजे कारखान्यांचा हंगाम संपलेला नसेल, आपली घरं पुन्हा कुलपात असतील. या मोजणीवर पुढची कितीतरी वर्षं धान्य, शाळा आणि निधी ठरणार आहे. तेव्हा जे फडावर असतील त्यांना सांगतो: कोपीवर प्रगणक आला तर सगळ्यांची नावं सांगा, लेकरांची सुद्धा, आणि गाव कोणतं तेही सांगा. कुणी आलंच नाही, तर मुकादमाच्या भरवशावर राहू नका. त्या गावच्या शाळेत जा. मोजणीचं काम बहुतेक तिथल्याच एखाद्या गुरुजींकडं किंवा बाईंकडं असेल. त्यांना म्हणा, आम्ही इथं आहोत, आम्हाला लिहून घ्या.

नमस्कार.