कशाची रिस्क, ते सांगा

(मिरजेत ज्येष्ठ नागरिकांच्या मासिक सभेत एका निवृत्त भूलतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पंखा एक नंबरनं कमी करा, म्हणजे मागच्या रांगेपर्यंत आवाज जाईल. येतोय ना? छान.

मिरजेच्या माणसांना दवाखाना समजावून सांगायची गरज नाही. कर्नाटकातून, कोकणातून लोक इथं उपचाराला येतात, आणि तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरचं कोणी ना कोणी दवाखान्यात कामाला आहे. तरी एक विचारते. ज्यांचं ऑपरेशन झालंय, त्यांनी हात वर करा. बघा, अर्धं सभागृह. सर्जनचं नाव आठवतंय? सगळ्यांना आठवतंय. आता भूल कोणी दिली, त्यांचं नाव? एकच हात. काय म्हणता काका? ‘हिरव्या टोपीतल्या बाई होत्या.’ चला, टोपी तरी लक्षात राहिली! मी चौतीस वर्षं ती टोपी घातली आहे, म्हणून आज तुमच्याशी बोलायला आले.

आत येताना तुमच्याकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या, भुलेची भीती कशाची वाटते म्हणून. चाळीसेक आल्या. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर एकच वाक्य आहे, शब्द थोडे इकडेतिकडे: ‘पुन्हा जाग आलीच नाही तर?’ काहींनी लिहिलंय, ‘मध्येच जाग आली तर?’ पाचसहा जणींनी पाठीतल्या इंजेक्शनाबद्दल लिहिलंय. आणि एका काकांनी लिहिलंय, ‘शुद्धीवर येताना मी काही बोलून बसलो तर?’ काका, तुम्ही कोण ते मी विचारणार नाही. ती गुंगी काही मिनिटांची असते. त्या वेळात माणसं नातवाचं नाव घेतात, पाणी मागतात, ‘झालं का? सुरू कधी करणार?’ असं विचारतात. कपाटाची किल्ली कुठं आहे, ते आजवर मला कोणी सांगितलेलं नाही.

विषय दिलाय ‘मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, दमा आणि भूल’. तिकडे येतेच आहे. पण आधी मला एका रात्रीबद्दल सांगायचंय. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

माझ्या यजमानांना पित्ताशयात खडे झाले. वय सहासष्ट, अठरा वर्षांचा मधुमेह, चार वर्षांपूर्वी हृदयात बसवलेला एक स्टेंट. मुलाच्या सोयीसाठी एका मोठ्या शहरात दाखल केलं. सगळ्या तपासण्या झाल्या, फिजिशियनची फिटनेस आली. रात्री पावणेअकराला एक तरुण डॉक्टर संमतीचा कागद घेऊन आले आणि दारातूनच म्हणाले, ‘मॅडम, हाय रिस्क कन्सेंट आहे, इथं सही करा.’ मी विचारलं, ‘कशाची रिस्क?’ ते म्हणाले, ‘शुगर आहे, स्टेंट आहे. काहीही होऊ शकतं. सगळ्यांचीच घेतो सही.’

मी स्वतः भूलतज्ज्ञ, तेव्हा तीस वर्षांचा अनुभव गाठीशी. आणि ती सही करताना माझा हात थरथरला. पलंगावर हे ऐकत होते. ‘काहीही होऊ शकतं’ एवढे तीन शब्द त्यांच्या कानात गेले आणि रात्रभर तिथंच राहिले. दोनच्या सुमाराला त्यांनी मला हाक मारली, म्हणाले, ‘एफडीच्या पावत्या वरच्या खणात आहेत, निळ्या फाइलमध्ये. वीजबिल ऑनलाइन भरतात, पासवर्ड धाकट्याला माहीत आहे.’ मी काय बोलणार? हृदयविकाराच्या रुग्णांना शेकडो वेळा भूल दिलेली बाई मी, आणि नवऱ्याला सांगायला माझ्याकडे एक वाक्य नव्हतं. मलाही कोणी काही सांगितलं नव्हतं ना.

सकाळी साडेसहाला भूलतज्ज्ञ आल्या. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्यांनी स्टूल ओढलं आणि त्या बसल्या. बसल्या, हे मुद्दाम सांगते. माझी फाइल बाजूला ठेवून त्यांनी यजमानांनाच विचारलं, ‘काका, न थांबता किती जिने चढता?’ ‘दोन.’ ‘धाप लागते?’ ‘नाही.’ मग त्या म्हणाल्या, ‘तुमच्या हृदयाची काळजी मला तीन वेळेला आहे. घशात नळी घालताना प्रेशर वर उसळतं, त्याच्या आधी मी औषध देणार. दुर्बिणीसाठी पोटात गॅस भरला की हृदयावर ताण येतो, तेव्हा सर्जनना मी गॅस सावकाश भरायला, कमी दाबावर ठेवायला सांगणार. तिसरी वेळ शुद्धीवर येतानाची. दुखलं की नाडी पळते, म्हणून दुखणं थांबवायचं औषध तुम्ही जागे व्हायच्या आधीच दिलेलं असेल. मनगटात एक बारीक नळी असेल, तिच्यामुळे दर ठोक्याला तुमचं प्रेशर मला दिसेल. आणि तुम्ही शुद्धीवर येईपर्यंत मी तिथून हलणार नाही.’

सात मिनिटं. मी घड्याळ बघितलं होतं. त्या गेल्यावर यजमान कुशीवर वळले आणि स्ट्रेचर येईपर्यंत गाढ झोपले.

रिस्क तीच होती. रात्री तिला नाव नव्हतं, सकाळी तीन नावं मिळाली आणि प्रत्येक नावापुढं एक उपाय. त्या दिवशी मला माझीही वर्षं आठवली. यादीत आठ केसेस, बाहेर सर्जन ताटकळलेले, आणि मी दारातूनच म्हटलेलं ‘काही काळजी करू नका’. ‘काहीही होऊ शकतं’ आणि ‘काही काळजी करू नका’, ही दोन्ही वाक्यं रुग्णाला सारखंच एकटं पाडतात. पुढं निवृत्त होईपर्यंत मी स्टुलावर बसल्याशिवाय कोणाला भूल दिली नाही.

म्हणून तुम्हाला तीन शब्दांचा प्रश्न देते. ‘कशाची रिस्क आहे?’ आणि त्याला जोडून, ‘त्यावर तुम्ही काय करणार?’ हे विचारण्यात उद्धटपणा नाही. सही करायच्या आधी विचारायचं, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारायचं.

आमचं शास्त्रही असंच वाढलं. १६ ऑक्टोबर १८४६ ला बोस्टनमध्ये मॉर्टन नावाच्या दंतवैद्यानं इथरची भूल देऊन दाखवली, पुढच्या वर्षी एडिंबराच्या सिम्प्सननं क्लोरोफॉर्म आणलं, आणि १८४८ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली. सगळीकडे भीती पसरली. पण भीतीचा प्रश्न झाला: आधी थांबतं काय, श्वास की हृदय? त्या प्रश्नासाठी हैदराबादला निजामाच्या खर्चानं १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग बसले. तुमच्यात मराठवाड्याचे कोणी असतील, तर तुमच्या पणजोबांच्या वेळचं हे सरकार. एडवर्ड लॉरी नावाचे सर्जन ठासून म्हणायचे, श्वासावर लक्ष ठेवा, हृदयाला काही होत नाही. श्वासाबद्दल ते बरोबर होते. हृदयाबद्दल चुकले, हे पुढं १९११ मध्ये लेव्ही यांनी दाखवलं. क्लोरोफॉर्म केव्हाच गेलं, पण एकेका भीतीचा असा एकेक प्रश्न करतच आपण इथवर आलो.

तुमच्या बोटाला लागणारा ऑक्सिमीटर घ्या. कोरोनात घरोघरी आला. त्याच्या मागचं तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलं, आणि ते गेले एप्रिल २०२० मध्ये, जग त्यांचं यंत्र शोधत हिंडत होतं तेव्हाच. आमच्याकडच्या मॉनिटरवर ऑक्सिजन कमी व्हायला लागला की ठोक्याचा सूर खाली उतरतो. पाठ वळलेली असली तरी मला कानानं कळतं. पॉलिशमुळं बोटावरचं हे यंत्र चुकू शकतं, नखांचं पॉलिश काढून या म्हणतात ते यासाठी.

संयोजकांची चिठ्ठी आलीय, बारा मिनिटं उरलीत. बरं, भरभर घेते. लिहून घ्या.

जाग येण्याचं आधी. बऱ्याच जणांना वाटतं, एक मोठं इंजेक्शन देतात आणि त्याचा अंमल संपेपर्यंत वाट बघतात. तसं नसतं. सुरुवातीच्या इंजेक्शनाचा परिणाम काही मिनिटांचाच. पुढं श्वासातून किंवा शिरेतून औषध सतत द्यावं लागतं, ते बंद केलं की भूल उतरायला लागते. वय झालेल्यांना, मूत्रपिंड किंवा यकृत कमजोर असलेल्यांना वेळ जास्त लागतो, म्हणून त्यांचं प्रमाण आम्ही आधीच कमी धरतो. मध्येच जाग येण्याबद्दल ब्रिटन-आयर्लंडमध्ये मोठी पाहणी झाली होती, २०१४ ला प्रसिद्ध झाली. पूर्ण भूल दिलेल्या सुमारे १९,००० जणांमागं एकानं तशी तक्रार केली होती. तुम्हाला पूर्वी असं झालं असेल, किंवा घरात कोणाला भुलेत विचित्र ताप आला असेल, उशिरा शुद्ध आली असेल, तर पहिलं वाक्य तेच सांगा. या गोष्टी रक्ताच्या नात्यात चालत येऊ शकतात.

पाठीतलं इंजेक्शन. १८९८ मध्ये जर्मनीत ऑगस्ट बियर यांनी ही पद्धत सुरू केली, स्वतःवर करून पाहिली, आणि पुढचे काही दिवस डोकेदुखीनं आडवे झाले. आता सुया फार बारीक आहेत, ती डोकेदुखी कमी झालीय. टोचल्या जागी दोनचार दिवस दुखेल. पण ‘सिझरच्या वेळी सुई दिली, तेव्हापासून कंबर गेली’ हे जे आपण वीस वर्षं म्हणतो, ते बहुतेक वेळा गरोदरपणाचं, मूल काखेत घेऊन केलेल्या कामाचं दुखणं असतं. दम्याच्या किंवा फुप्फुसाच्या रुग्णाला, ऑपरेशन कमरेखालचं असेल, तर हीच भूल बऱ्याचदा बरी पडते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मात्र आधी सांगायलाच हवं.

मधुमेह. ऑपरेशन सकाळी पहिलं लावून मागा. इन्शुलिन स्वतःच्या मनानं बंद करू नका, किती घ्यायचं ते विचारा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी ‘ग्लिफ्लोझिन’ शेवटी असलेली गोळी असेल तर आठवडाभर आधी सांगा. ती साधारण तीनचार दिवस आधी थांबवतात, कारण साखर ठीक दिसत असतानाही तिच्यामुळं रक्तात आम्ल वाढू शकतं. वजनासाठी आठवड्याचं इंजेक्शन घेत असाल तर तेही सांगा, त्यानं पोट रिकामं व्हायला वेळ लागतो.

रक्तदाब. टेल्मिसार्टनसारखी ‘सार्टन’ची गोळी आदल्या दिवशी घ्यायची की नाही, ते भूलतज्ज्ञ ठरवतील. मेटोप्रोलोलसारखी नाडी सावरणारी गोळी अचानक सोडायची नाही. थायरॉइडची गोळी चालू ठेवायची. स्टेंट असेल तर तो कधी बसवला, कोणत्या प्रकारचा, तो कागद आणा. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या शेजाऱ्यांच्या सल्ल्यानं बंद करू नका. कधी थांबवायचं आणि थांबवायचं का, हे हृदयाचे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ बोलून ठरवतात.

दमा. पंप त्या सकाळीही घ्या आणि सोबत आणा. खेड्यात मिळणाऱ्या पुड्यांत स्टेरॉइड असतं पुष्कळदा. पुडी घेत असाल तर पुडीच दाखवा. घोरणं! हे बायको सांगते, नवरा नाकारतो. झोपेत श्वास अडकतो का, ते तिला विचारू द्या. रात्री लावायचं मशीन असेल तर बरोबर आणा.

उपाशी राहणं. आपल्याकडं उपासाला चहा चालतो, म्हणून ऑपरेशनलाही चालतो असं वाटतं. एक आजोबा सकाळी सहाला अर्धा कप चहा घेऊन आले होते, ‘पाणीच की ते’ म्हणून. दूध घातलेला चहा आमच्या हिशोबात अन्न आहे. त्यांचं ऑपरेशन मी पुढं ढकललं, घरचे दोन दिवस माझ्यावर रागावले होते. भुलेत पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. साधारण नियम असा: हलकं खाणं सहा तास आधी, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. तुम्हाला वेगळं सांगितलं असेल तर ते पाळा.

झालं, उठतेच. एक चिठ्ठी वाचते, ती मी बाजूला काढून ठेवली होती. नाव नाही. ‘मी मिशरी लावते. घरात कोणाला माहीत नाही. ऑपरेशनच्या आधी सांगावंच लागेल का?’

हो ताई, सांगावं लागेल. तंबाखूनं नाडी आणि प्रेशर वर जातं, आणि त्या सकाळी मिशरी मिळाली नाही की तुम्ही बेचैन होता, ती बेचैनी कशाची ते मला कळायला हवं. जितक्या आधी सोडाल तितकं चांगलं, पण सोडली नसेल तरी लपवू नका. मुलगा, सून खोलीत असतील तर भूलतज्ज्ञांना म्हणा, ‘मला पाच मिनिटं एकटीला बोलायचंय.’ त्या घरच्यांना बाहेर पाठवतील. मी पाठवायचे. सभा संपल्यावर मी इथं पायऱ्यांपाशी थांबणार आहे.