पहिला डबा बाईचा

(कॅनडातल्या आपल्या मंडळाच्या मेळाव्यातलं बोलणं, वेबसाईटसाठी थोडं काटछाट करून)

नमस्कार मंडळी, आणि सलाम. आमच्या घरात दोन्ही चालायचं, दारात कोण आलंय ते बघून, आणि इथे दोन्हीवाले बसलेत म्हणून दोन्ही.

मला सांगितलं गेलं होतं की घरातल्या मोठ्या माणसावर दहा मिनिटं बोल. मी म्हटलं आजीवर बोलते, तर लगेच सूचना आली की छान, जरा नाताळ वगैरेचं पण सांग, लोकांना ऐकायला आवडतं. तर नाताळ आधी उरकून टाकते. आमच्याकडे नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या, अनारसे, म्हणजे तुमचा दिवाळीचा फराळ जसाच्या तसा. केक असतो पण तो बेकरीतून येतो आणि करंजी घरची, त्यामुळे मान करंजीचा. रात्री कॅरलवाली पोरं ढोलकी आणि टाळ घेऊन फिरतात, पहाटे तीनला तुमच्या दारात उभी राहून गातात, आणि शेजारचे हिंदू काका बिचारे झोपमोड झाली म्हणून न रागावता सगळ्यांना चहा करतात. झाला नाताळ.

आता आजी. तिला आम्ही सगळे बाई म्हणायचो, तिची स्वतःची मुलंसुद्धा, कारण ती म्युनिसिपालटीच्या शाळेत शिक्षिका होती आणि तिचे दोन मुलगे तिच्याच वर्गात होते, मग शाळेत बाई आणि घरात आई असं कोण लक्षात ठेवणार. आम्ही नाशिकच्या शरणपूर रोडचे. तिथल्या कॅनडा कॉर्नरला वाढले आणि कॅनडात आले, हा विनोद मीच करून टाकते म्हणजे नंतर चहाच्या वेळी कोणाला करायला नको.

शरणपूर आता नाशिकच्या अगदी मध्यात आलंय, दुकानं, हॉस्पिटलं, ट्रॅफिक. पण ते वसलं तेव्हा गावाबाहेर होतं. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने तिथे ख्रिस्ती लोकांची वस्ती केली, शाळा काढली, सुतारकाम लोहारकाम शिकवायला सुरुवात केली. आणि त्या शाळेत मराठी पोरांबरोबर आफ्रिकन पोरं होती, हे नाशिकच्या लोकांनाही माहीत नसतं. त्या काळी अरबी समुद्रात गुलामांची जहाजं पकडली की इंग्रज त्यातल्या मुलांना मुंबईत उतरवायचे, आणि त्यातली बरीच शरणपूरला पाठवली जायची. तिथे वाढली, शिकली, त्यातली काही परत आफ्रिकेत गेली.

बाई संडे स्कूलला आम्हाला यातल्या एकाची गोष्ट दरवर्षी सांगायची, जेकब वेनराइटची. डेव्हिड लिव्हिंगस्टन, तो मोठा प्रवासी, १८७३ मध्ये आताच्या झांबियात वारला. बरोबरच्या लोकांनी ठरवलं की याला इथे पुरायचं नाही, याच्या लोकांकडे पोचवायचं. काळीज तिथेच झाडाखाली पुरलं, आणि तेव्हा प्रार्थना वाचली ती शरणपूरच्या शाळेत शिकलेल्या जेकबने. मग देह मीठ लावून उन्हात वाळवला, गुंडाळला, आणि कित्येक महिने चालत हजारावर मैल समुद्रापर्यंत वाहून नेला, वाटेत तापाने माणसं आजारी पडतायत, लोक प्रेत घेऊन गावातून जाऊ देत नाहीत, असं सगळं. तिथून जेकब शवपेटीबरोबर जहाजाने इंग्लंडला गेला आणि एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीत तो खांदेकऱ्यांमध्ये होता.

आम्हाला पोरांना यात इंटरेस्ट मीठ लावण्याचा आणि सिंहांचा. बाई मात्र दरवेळी शेवटी एकच बोलायची, "लिव्हिंगस्टन मोठा होताच, सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला वाहिला कोणी ते विचारत जा."

हे मी एवढं लांबण लावून का सांगितलं, तर बाईचं सगळं आयुष्य मला त्या एका वाक्यात दिसतं. बाई देवभक्त होती. पहाटे पाचला उठून मोठ्याने प्रार्थना, आणि ती संपेपर्यंत घरात चहा नाही. आणि ती नावं घेऊन प्रार्थना करायची, आधी घरचे, मग चर्चमधले आजारी, मग गल्ली, मग शाळेतली पोरं, मग शाळेचा इन्स्पेक्टर "याची बुद्धी फिरव प्रभू" असं, आणि आम्ही पांघरुणात पडून मोजायचो आता किती राहिले. रविवारी सिनेमा नाही, मॅच लागली असेल तरी टीव्ही बंद. १९७० साली वेगवेगळी प्रोटेस्टंट चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं आणि आमच्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये सगळे त्यावर चर्चा करत होते तेव्हा ही म्हणे, "पाटी बदलली, बाकडी तीच आहेत, बसा." पण शरणपुरात कोणालाही विचारा, बाई लक्षात आहे ती चर्चमुळे नाही. ती लक्षात आहे मयताच्या घरी पहिली पोचणारी म्हणून.

कुठे कोण गेलं हे तिला कसं कळायचं देव जाणे. दूधवाला, शाळेचा शिपाई, कोणीतरी सांगायचं. मग ती अर्ध्या तासात निघायची. चार कप्प्यांचा स्टीलचा डबा, त्यात पिठलं आणि भात, कारण त्या घरी चूल पेटणार नसते. थर्मासमध्ये चहा. आणि एक कापडी पिशवी, ती कायम भरलेली दाराच्या मागे लटकवलेली असायची, तिच्यात सुटे पैसे, सेफ्टी पिना, पांढरं फडकं, मेणबत्ती, काडेपेटी आणि फोन नंबरची वही. ख्रिस्ती घर असो, हिंदू असो, मुसलमान असो, पिशवी तीच, फक्त मेणबत्ती निघायची की नाही एवढाच फरक.

त्या घरात ती काय बोलायची? जवळजवळ काही नाही. "गॅस बंद आहे का?" "आजोबांनी बीपीची गोळी घेतली का?" "पोरं कुठेत? माझ्याकडे पाठव." "मुंबईच्या भावाला कोणी कळवलं?" बस. आणि कोणी "देवाची इच्छा" असं म्हणालं की तिला भयंकर राग यायचा, तिथे काही बोलायची नाही पण घरी येऊन भांडी आपटायची. म्हणायची की बायबलमध्ये मित्र लाजर मेला तेव्हा येशू आधी रडला आहे, मग त्याला जिवंत करणं वगैरे पुढचं सगळं. पहिल्या दिवशी त्या घरात देवाची वकिली करू नये. मला वाटतं आयुष्यभर बायबल वाचलेल्या बाईनेच हे बोलावं, बाकी कोणी बोललं असतं तर तिनेच त्याला झापलं असतं.

हिंदू घरांत ती दहाव्यालाही जायची. गोदाघाटावर लांब, बायकांच्या बाजूला उभी, आणि पिंडाला कावळा शिवेपर्यंत हलायची नाही. यावरून चर्चमधल्या काही वडीलधाऱ्यांनी कुरकुर केली होती की तुम्ही तिथे कशाला. तिने सांगितलं की मी विधीला जात नाही, माणसाला जाते. आणि खरं सांगू का, कावळा लवकर शिवला नाही की ती पण अस्वस्थ व्हायची, पदराशी चाळा करत बसायची. हे मी चर्चमध्ये कधी सांगितलेलं नाही, इथे सांगतेय.

१९६९ च्या महापुराच्या वेळचं पण घरात सांगतात, गोदावरीचं पाणी गावात शिरलं, गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती दिसेनासा झाला, त्या दिवसांत ती शाळेत पूरग्रस्तांसाठी भाकऱ्या थापत होती आणि घरी माझे पप्पा आणि काका दोन दिवस शेजारी जेवले. काका ते अजून ऐकवतो, थोडं कौतुकाने, थोडं तक्रारीने. कारण ती घरच्यांच्या बाबतीत काही फार मऊ नव्हती हो. उगाच संत करून ठेवायला नको.

माझी आई पंचवटीतली, ब्राह्मण घरातली. पप्पांनी तिच्याशी रजिस्टर लग्न केलं तेव्हा बाई आली नाही. पंचवटीवाले पण आले नाहीत, म्हणजे दोन्हीकडे फिट्टंफाट. त्यानंतर वर्षभर बाई यांच्या घरात पाऊल टाकत नव्हती, रस्त्यात भेटली तर पप्पांशी बोलायची, आईशी फक्त मान हलवायची. मग आईचे वडील गेले, अचानक, सकाळी फिरायला गेलेले. आई धावत पंचवटीत पोचली, आणि थोड्या वेळाने दारात बाई. डबा नव्हता हातात. तिला पक्कं माहीत होतं की आपल्या हातचं पिठलं त्या घरात चालणार नाही, म्हणून दूध, केळी, चहा-साखर असं घेऊन आली होती, जे कोणीही घेऊ शकेल आणि कोणाला नाही म्हणायची वेळ येणार नाही. आईला पोटाशी वगैरे धरलं नाही. विचारलं काय, तर "तुझ्या आईची साखरेची गोळी कुठे ठेवतात?"

ती रोज यायची, तेरावा होईपर्यंत. ओसरीवर बसायची, आलेल्यांच्या चपला बाजूला करायची, पाणी भरायची ते बाहेरच्या पिंपात. माझ्या त्या आजीने, आईच्या आईने, बाईच्या हातचा चहा शेवटपर्यंत घेतला नाही, आणि बाईने शेवटपर्यंत विचारला पण नाही. पण पुढची वीस वर्षं दोघी एकमेकींना संक्रांतीला तिळगूळ आणि नाताळला करंज्या पाठवत होत्या. त्या करंज्या तिकडे कोणी खाल्ल्या का हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

त्यानंतर आईचं आणि बाईचं जमलं. चर्चमधून मग दबाव सुरू झाला, सुनेचा बाप्तिस्मा कधी, पाळकसाहेब घरी येऊन बसले. बाईने त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "साहेब, बाप्तिस्मा मागायचा असतो, वाढायचा नसतो." आणि मग लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण. लक्ष्मीबाई आमच्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, बाईला त्यांचा केवढा अभिमान, जणू सख्खी मावशी. त्यांचे यजमान, कवी रेव्हरंड टिळक, यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या, चिडल्या, रडल्या, आणि मग स्वतःच्या मनाने आल्या. "टिळकांसारख्या माणसाला घरच्या बाईची वाट बघावी लागली, तर तुम्हाला आम्हाला कसली घाई," असं म्हणाली. पाळकसाहेब परत त्या विषयावर आले नाहीत. माझ्या आईचा बाप्तिस्मा अजून झालेला नाही. ईस्टरला ती चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर असते, आणि गणपती पण बसवते, आणि महिला मंडळाचा हिशोब गेली कित्येक वर्षं तिच्याकडे आहे कारण दुसऱ्या कोणाचा जुळत नाही.

बाई २०१४ च्या पावसाळ्यात गेली, घरीच, वय झालं होतं. मी इथून निघाले, दोन विमानं, मग मुंबईहून गाडी, कसारा घाटात पाऊस, पोचले तेव्हा माती होऊन गेली होती. घरात शिरले तर ओट्यावर, टेबलावर, फ्रीजवर, खाली जमिनीवर, सगळीकडे डबे. बाईच्या जुन्या विद्यार्थ्यांचे, गल्लीतल्यांचे, मशिदीमागच्या शिवणकामवाल्या चाचींचे, पंचवटीहून मामीचा. बहुतेकांत पिठलं. काका म्हणाला की बाईने हयातभर जेवढं पिठलं वाटलं ते व्याजासकट परत आलंय, आणि आम्ही हसलो, आणि मग जेवायला बसलो कारण भूक लागली होती. कोणाचा डबा कुठला ते ओळखून परत द्यायला आईला पुढचा महिना लागला. ती अजून म्हणते की झाकणावर नाव लिहायची अक्कल या गावात कोणाला नाही.

आता कामाचं बोलते आणि बसते. मागच्या हिवाळ्यात आपल्यातल्या एका घरी वडील गेले, इकडे मुलाकडे आलेले असताना. आपण सगळ्यांनी व्हॉट्सॲपवर हात जोडले, मी पण जोडले, ग्रुपवर दिवसभर तेच चालू. आणि ते दोघं नवराबायको दोन लहान मुलांना घेऊन कागदपत्रांच्या मागे फिरत होते, डेथ सर्टिफिकेट, फ्युनरल होमचे फॉर्म, वडिलांचा भारतीय पासपोर्ट कॉन्सुलेटमध्ये रद्द करून घेणं, अस्थी न्यायच्या म्हणून क्रिमेशनचं सर्टिफिकेट, विमान कंपनीला विचारणं, आणि रात्री पिझ्झा. कोणाची चूक नाही, कोणाला सुचलं नाही. इथे अंतरं लांब, बर्फ, सगळ्यांच्या नोकऱ्या, दारावर जाऊन उभं राहायला संकोच वाटतो, बोलवलं नाही तर कसं जाणार असं वाटतं. मयताच्या घरी कोणी बोलवत नसतं हो.

तर मी एक यादी केली आहे. त्यात चार रकाने आहेत. पहिला डब्याचा, आठवड्याच्या वारांप्रमाणे, आणि कृपा करून परत द्यावे लागणार नाहीत अशा डब्यांत द्या, झाकणावर आत काय आहे ते लिहा, शेंगदाणे असतील तर तेही. दुसरा, मुलांना शाळेत सोडणं-आणणं. तिसरा, ज्यांनी हे कागदपत्रांचं एकदा केलंय आणि दुसऱ्याला फोनवर सांगू शकतात असे लोक, मला तीन नावं मिळाली आहेत, अजून हवीत. चौथा, नुसतं जाऊन बसणारे. चौथ्यात नाव लिहिणाऱ्यांनी तिथे फार बोलायचं नाही, एवढी एकच अट.

कुठल्या धर्माचं घर, कुठल्या गावचं, मंडळाची वर्गणी भरली आहे का, हे यादीत विचारलेलं नाही. यादी चहाच्या टेबलाजवळ आहे, पेन दोरीने बांधलंय, मागच्या वेळी कोणीतरी घेऊन गेलं होतं.