नक्षत्रांच्या म्हणी आणि गाळलेली अर्धी ओळ

मंडळी, आजचा विषय आहे ‘पावसाच्या म्हणी आजच्या शेतात कशा वाचाव्यात’. म्हणी तुम्हाला पाठच आहेत, तेव्हा सरळ मुद्द्यावर येतो. पावसाची म्हण नेहमी अर्धीच सांगितलेली असते. जमीन कोणती, पीक कोणतं, हे सांगणाऱ्याने गाळलेलं असतं, कारण ऐकणारा त्याच शिवारातला. म्हण शिवाराबाहेर गेली की गाळलेला भाग घरीच राहतो, आणि नुकसान तिथून सुरू होतं.

मृगाचंच बघा. ७-८ जूनला मिरग निघतो. त्याच सुमारास एखादा वळीव होतो आणि ‘मृगाचा पेरा’ म्हणत पेरणी सुरू होते. २०-२५ मिलिमीटर पावसाने वरची माती काळीभोर दिसते, पण खाली ढेकूळ कोरडंच असतं. सोयाबीनचं बी ३ ते ५ सेंटिमीटरवर पडतं. तेवढ्या ओलीवर ते फुगतं, मोड येतो, आणि मग चार-पाच दिवस कडक ऊन पडलं की मोड जळतो. एकदा फुगलेलं बी पुन्हा उगवत नाही. एकरी ३० किलो बियाणं गेलं, खत गेलं, दुबार पेरणीला पुन्हा ३० किलो आणायचं. या सगळ्याचा दोष म्हणीच्या माथी मारला जातो, ते मला अजिबात मान्य नाही. मृग १४ दिवसांचा असतो. म्हणीने नक्षत्र सांगितलंय, पहिला दिवस सांगितलेला नाही!

आणि ही घाई मुळात मूग-उडदाची. ती पिकं ६५-७० दिवसांत निघतात आणि त्याच रानात रब्बी ज्वारी पेरता येते. म्हणून तिथे आठवडासुद्धा मोलाचा. सोयाबीन जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत थांबू शकतं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस मुरू द्या, वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, येऊ द्या. वापसा बघायचा तर वीतभर खोल माती काढा, मुठीत दाबून गोळा करा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. फुटून मोकळा झाला तर वापसा आहे. चिकटून राहिला तर चिखल, आणि गोळाच झाला नाही तर ओल नाही.

पाऊस मोजायला उभ्या भिंतीचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी पट्टी बुडवून बघा. साडेसात सेंटिमीटर म्हणजे ७५ मिलिमीटर, तेवढी बेरीज व्हायला हवी. बादली मात्र नको. तिचं तोंड रुंद, बूड अरुंद, त्यामुळे पाऊस आहे त्याहून जास्त दिसतो.

जाता जाता नक्षत्रांच्या वाहनांबद्दल, ज्यांवरून पावसाचा अंदाज बांधतात. नक्षत्राचं वाहन बेडूक की गाढव हे पंचांगात आकडेमोडीने ठरतं, नऊने भागून उरलेल्या बाकीवरून. म्हणीमागे मात्र पिकाकडे पाहणारे डोळे आहेत. या दोन गोष्टी एका पारड्यात घालू नका.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. उत्तरा, हस्त आणि स्वाती ही उरलेली नक्षत्रं आता भराभर सांगतो.

‘पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा.’ उत्तरा लागतात १३ सप्टेंबरच्या आसपास. तेव्हा कोकण-मावळातलं गरवं, म्हणजे उशिरा पिकणारं, भात पोटरीत असतं, लोंबी अजून पानाच्या आत असते, खाचरात पाणी हवंच असतं. आता पाऊस झाला तर इतकं पिकेल की कुत्रंही तोंड लावणार नाही. ही म्हण भातखाचराची. सोलापुरात ती नुसती पाठ करून उपयोग नाही.

हस्त म्हणजे आपला हत्ती, भोंडल्यात पाटावर काढतो तो. २७ सप्टेंबरच्या सुमारास लागतो. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात कोरडवाहू ज्वारी याच ओलीवर उभी राहते. पण त्याच दिवसांत मराठवाड्यात सोयाबीन काढणीला आलेलं असतं, आणि हत्तीच्या पावसाच्या म्हणी जुळल्या तेव्हा सोयाबीन आपल्याकडे नव्हतंच. त्यात हवामान खात्याने २०२० मध्ये मुंबईतून मान्सून परतण्याची सर्वसाधारण तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर नेली. म्हणजे काढणीच्या वेळी पाऊस असणार हे धरूनच चालायचं. गंजी उंचवट्यावर लावा, ताडपत्री आधी आणून ठेवा.

‘पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती.’ स्वाती २४ ऑक्टोबरच्या आसपास. ज्वारी-हरभऱ्याला मोती, खरंच. कोकणात मात्र कापून पसरलेल्या भाताला मोड येतात, आणि विदर्भात फुटलेली बोंडं भिजून कापूस पिवळा पडतो.

तेव्हा गावोगाव म्हणी गोळा करणाऱ्यांना एकच विनंती आहे. वहीत म्हणीशेजारी चार रकाने आखा: गाव, जमीन, पीक आणि त्या नक्षत्रात ते पीक कोणत्या अवस्थेत असतं. चौथा रकाना सांगणाऱ्याला विचारूनच भरा, आपल्या मनाने नको.