मिरची नेमकी कुणाला तिखट लागते?

नमस्कार मंडळी. आमच्या बाल्कनीत एक कुंडी आहे, तिच्यातला कढीपत्ता उन्हाळ्यात वाळून गेला आणि कुंडी रिकामी करायचा मी कंटाळा केला, तर पावसाळ्यात बघते तो त्यात मिरचीचं रोप. मी लावलेलं नाही, घरात कुणीच लावलेलं नाही. आता त्याला बारीक लवंगी मिरच्या लागल्यात, आभाळाकडे तोंड करून उभ्या, आणि रोज सकाळी एक बुलबुल येतो, कठड्यावर बसून इकडेतिकडे बघतो, लाल झालेली एक मिरची तोडतो आणि सबंध गिळतो. पाणी नाही, हाश्शहुश्श नाही, काही नाही. त्यातलीच अर्धी मिरची मी पोह्यात घातली तर घरातले सगळे नाक पुसत बसले होते!

पोपट मिरची खातो हे आपल्याला बालवाडीपासून माहीत असतं. (आपले देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं बेकायदेशीर आहे हं, जाता जाता सांगते.) पण त्याला ती तिखट कशी लागत नाही, हे आपण कधी विचारलेलंच नसतं.

तर आधी एक गंमत. तिखट ही खरं तर चवच नाही. आयुर्वेदाच्या सहा रसांत तिखट आहे, जेवणाच्या ताटापुरतं ते बरोबरही आहे, फक्त तिथे त्याला कटु म्हणतात आणि कडूला तिक्त, आणि आपण मराठीत कटुचा कडू करून सगळा घोळ घातलाय, ते असो. पण शरीराच्या वायरिंगमध्ये गोड, आंबट, खारट यांची लाइन वेगळी आणि तिखटाची वेगळी. तिखटाची लाइन आहे भाजल्याची. आपल्या नसांच्या टोकांवर एक प्रोटीन असतं, टीआरपीव्ही-१ नावाचं, दरवाजासारखं, त्याचं मूळ काम म्हणजे साधारण ४३ डिग्रीच्या वर काही गरम लागलं की मेंदूला बोंब मारून सांगणं, चटका बसतोय, लांब हो. मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं त्याच प्रोटीनला जाऊन चिकटतं आणि तो दरवाजा थंड असतानाच उघडतं. म्हणजे ठेचा फ्रिजमधला असला तरी जिभेला वाटतं की निखारा ठेवलाय. हे प्रोटीन डेव्हिड ज्युलियस यांच्या कॅलिफोर्नियातल्या लॅबने १९९७ साली शोधून काढलं आणि २०२१ चं नोबेल त्यांना त्याबद्दलच मिळालं, आर्डेम पटापुटियन यांच्यासोबत.

हे प्रोटीन फक्त जिभेवर नसतं. मिरच्या चिरून झाल्यावर चुकून डोळ्याला हात लावलेल्यांना ते वेगळं सांगायला नको. ते आतड्यातही असतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय होतं ते रेडिओवर सांगत नाही.

आता पक्ष्यांकडेही हे प्रोटीन आहे बरं का, गरम त्यांनाही कळतं. पण त्यांच्या प्रोटीनची घडण किंचित वेगळी, त्यामुळे कॅप्सेसिनची चावी त्या कुलपात बसतच नाही. २००२ साली कोंबडीचं प्रोटीन घेऊन हे तपासलं गेलं. बुलबुल काही शूरबिर नाही, त्याला ती मिरची म्हणजे आपली सिमला मिरची.

पण मिरचीला तिखट व्हायची गरजच काय होती? तिचं मूळ गाव दक्षिण अमेरिका. उंदीर-घुशींसारखे प्राणी फळ खाताना बी चावून चावून पीठ करतात, तिथे झाडाचा वंश संपला. पक्ष्याला दातच नाहीत, तो गिळतो, उडतो, कुठेतरी लांब विष्ठेतून बी जशीच्या तशी टाकतो. अमेरिकेतल्या ॲरिझोनात रानमिरच्यांवर अभ्यास झाला, २००१ मध्ये छापून आला, तेव्हा हेच दिसलं, उंदरांच्या पोटातून गेलेली बी उगवली नाही आणि पक्ष्यांच्या पोटातून गेलेली उगवली. म्हणून माझ्या कुंडीतलं रोप कुणी लावलं याबद्दल मला आता शंका नाही. (पोपट मात्र चोचीने बी फोडून खातो, त्यामुळे मिरचीच्या हिशोबाने तो बिनकामाचाच, नाव त्याचं आणि काम बुलबुलाचं.)

आणि हे मिरचीने बसून ठरवलं नाही हं. जी झाडं योगायोगाने जरा झोंबणारी निघाली त्यांची बी उंदरांपासून वाचली, एवढंच, आणि ते हजारो पिढ्या होत राहिलं. त्यात बुरशीचाही हात आहे. बोलिव्हियात एकाच जातीच्या रानमिरचीची काही झाडं तिखट तर काही अगदी सपक असतात, आणि जिथे किडे फळाला भोकं पाडतात आणि त्यातून बुरशी आत शिरते, तिथे तिखट झाडांचं प्रमाण जास्त सापडलं, कारण कॅप्सेसिन बुरशीलाही आवरतं.

एक मिरची उभी चिरून बघा. आत पांढरी शीर असते, बिया तिला लटकलेल्या असतात. तिखट बनतं त्या शिरेत. बी स्वतः तिखट नसते, शिरेला खेटून राहिल्याने तिला लागतं तेवढंच. म्हणजे "बिया काढ गं, तिखट होईल" म्हणणाऱ्या आपल्या आज्या अर्ध्या बरोबर, बियांबरोबर शीर निघायची म्हणून.

अशी जिभेची कुलपं इतरांचीही बदललेली असतात. मांजराचं घ्या. गोड ओळखणारं प्रोटीन दोन जीन मिळून बनतं, त्यातला एक मांजरात मोडलेला आहे, वाघातही, चित्त्यातही. नुसतं मांस खाणाऱ्याला गोड कळलं काय न कळलं काय, त्यामुळे तो मोडला तरी कुणाचं अडलं नाही. तेव्हा मांजर बासुंदीत तोंड घालतं ते सायीसाठी, साखर वाया!

आपल्याकडे मिरची आली पोर्तुगीजांबरोबर, सोळाव्या शतकात, गोव्यातून. त्याआधी झणझणीतपणा मिरीचा, आणि नवीन आलेलीला आपण नावही मिरीवरूनच दिलं. गंमत म्हणजे मिरीतलं पायपरिनही तेच टीआरपीव्ही-१ उघडतं, म्हणजे केमिस्ट्री कळायच्या आधी जिभेने नातं बरोबर जुळवलं होतं. आणि ज्या सस्तन प्राण्यांना हाकलायला ही सगळी आग होती, त्यातलाच एक ती हौसेने खलबत्त्यात कुटतो, आणि आज सुक्या मिरचीचं सगळ्यात जास्त पीक भारतात निघतं. बुलबुलाला कुणी एवढं शेत दिलं नसतं.

हां, आणि तोंड पोळलं तर पाणी पिऊ नका, कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, उलट तोंडभर पसरतं. दही खा, दूध प्या. मी निघते आता, कुंडीत दोनच लाल मिरच्या उरल्यात आणि तो कठड्यावर येऊन बसलाय.