खाँसाहेबांची बाजू

(दृश्य: रिकामी बैठक. गवसणीतले दोन तंबोरे. मागे फक्त षड्ज.)

विश्रामपूरच्या दरबारात दोन गवई समोरासमोर बसतात. जिंकेल तो राजगायक. त्याला राहायला हवेली, कमरेला मानाची कट्यार आणि त्या कट्यारीसोबत एक भयंकर मुभा : तिच्यानं केलेला एक खून माफ. आणि जो हरेल त्याला? त्यानं तंबोरा गवसणीत घालायचा, घरी जायचं आणि पुढच्या स्पर्धेची वाट बघायची.

खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले वर्षानुवर्षं ही वाट बघत आले आहेत.

'कट्यार काळजात घुसली' या संगीत नाटकाची गोष्ट मराठी माणसाला नव्यानं सांगायला नको. पंडित भानुशंकर शास्त्री म्हणजे शांत, सात्त्विक, देवमाणूस. खाँसाहेब म्हणजे अहंकारी, संतापी, त्यांची हवेली बळकावणारा. थिएटरमधून बाहेर पडताना दहांतले नऊ जण हाच हिशेब मांडतात. मला तो पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगण्यासाठीच हा व्हिडिओ केलाय.

(दृश्य: जुन्या नाट्यगृहाचा मखमली पडदा, हळूहळू वर जाणारा.)

आधी नाटकाकडे जाऊ. २४ डिसेंबर १९६७. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं लेखन, पंडित जितेंद्र अभिषेकींचं संगीत आणि प्रभाकर पणशीकरांची 'नाट्यसंपदा' ही नाट्यसंस्था. खाँसाहेबांच्या भूमिकेत डॉ. वसंतराव देशपांडे.

हे वसंतराव कोण होते, ते नीट पाहिल्याशिवाय खाँसाहेब कळत नाहीत. विदर्भातल्या मूर्तिजापूरचा जन्म, १९२० सालचा. नागपूरला शंकरराव सप्र्यांकडे सुरुवात. पुढे लाहोरला असद अली खाँ भेटले, त्यांच्याकडून मारवा राग घेतला. नंतर सुरेशबाबू माने, भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ. दीनानाथ मंगेशकरांच्या गाण्याचा ठसा तर लहानपणापासून मनावर होता. इतक्या ठिकाणचं घेतलं म्हणजे कुठल्याच एका घराण्याचं राहिलं नाही. आणि ज्या काळात बैठकीला बसण्याआधी 'घराणं कोणतं?' असं विचारत, त्या काळात हा माणूस लष्कराच्या हिशेब खात्यात वर्षानुवर्षं कारकुनी करत होता. गळ्यात एवढी आग आणि दिवसभर खतावणीतले आकडे. त्यांच्या गाण्यात सगळ्याची सरमिसळ आहे, चमत्कृती फार आहे, असं म्हणत नाकं मुरडणारे पुष्कळ होते. 'माझं घराणं माझ्यापासून सुरू होतं' हे त्यांचं उत्तर आज आपण कौतुकानं सांगतो. ते उत्तर द्यायची वेळ एखाद्या गवयावर येते, त्यामागे किती दारं बंद झालेली असतात, याचाही विचार करायला हवा.

सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांना खाँसाहेब मिळाले. दरबारात ज्याचं गाणं दुय्यम ठरतं तो गवई. ज्याच्या तानेला लोक वचकतात, पण मान दुसऱ्यालाच देतात, तो गवई. वसंतरावांना या माणसाची तडफड कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, असं मला मनापासून वाटतं. त्यांच्या ध्वनिमुद्रणांतले खाँसाहेब कानांनी ऐका. त्यात दुष्टावा शोधूनही सापडत नाही. सापडते ती भूक.

(दृश्य: दोन गवयांच्या सावल्या. एकाचा हात संथ, दुसऱ्याचा झपाट्यानं फिरणारा.)

आता एक पद जरा जवळून ऐकू. 'घेई छंद मकरंद'. अभिषेकींनी एकाच पदाला दोन चाली दिल्या. एक संथ, सालगवराळी रागातली. ती पंडितजींची गायकी. शब्दाशब्दावर रेंगाळणारी, फुलाला हात न लावता वास घ्यावा तशी. दुसरी द्रुत, धानीतली. ती खाँसाहेबांची. तिथं तेच शब्द उसळतात, ताना एकीवर एक चढतात, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, येते ती झडप घालून. शब्द तेच, भुंगा तोच, मकरंदही तोच.

अभिषेकींनी खाँसाहेबांची चाल मुद्दाम कमअस्सल केली असती तर नाटक सोपं झालं असतं. त्यांनी तसं केलं नाही. दुसरी चाल पहिलीइतकीच देखणी आहे, आणि खरं सांगायचं तर मैफलीत टाळ्या तीच जास्त घेते. रचनाकारानं खाँसाहेबांना पुरेपूर न्याय दिलाय. दरबाराला मात्र दोघांतला एकच हवा होता. एका हवेलीत दोन गवई राहू शकत नाहीत, हा नियम खाँसाहेबांनी केलेला नव्हता.

(दृश्य: मिरजेच्या दर्ग्याचा परिसर, तंतुवाद्यांची दुकानं, भोपळे कोरणारे हात.)

२०१५ च्या दिवाळीत सुबोध भावेंनी याचा चित्रपट केला. खाँसाहेब झाले सचिन पिळगांवकर, पंडितजी शंकर महादेवन, आणि खाँसाहेबांचा आवाज राहुल देशपांडेंचा, म्हणजे वसंतरावांच्या नातवाचा. चित्रपटात कथा सांगते ती स्वतः कट्यार, रीमा लागूंच्या आवाजात. आणि पंडितजींना खाँसाहेब पहिल्यांदा भेटतात ते मिरजेत.

मिरज हे नाव तिथं उगाच येत नाही. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ याच गावी राहिले, इथल्या दर्ग्यात त्यांनी गाण्याची सेवा केली. अल्लादिया खाँ कोल्हापूरच्या दरबारी आले आणि गोव्याच्या केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर त्यांच्याकडे शिकल्या. अब्दुल करीम खाँच्या हाताखाली सवाई गंधर्व तयार झाले. महाराष्ट्राचं आणि गोव्याचं ख्यालगायन अशा खऱ्याखुऱ्या खाँसाहेबांनी घडवलंय. ते हट्टी होते का? होते. शिकवण्याआधी अटी घालत, शिष्यत्वाचा गंडा बांधल्याशिवाय चीज, म्हणजे बंदिश, देत नसत, खास बंदिशी घराबाहेर जाऊ देत नसत. काही घराण्यांत मुलीच्या लग्नात हुंडा म्हणून बंदिशी दिल्याच्या गोष्टी सांगतात. विद्या हीच इस्टेट असलेल्या माणसानं ती जपली, तर त्याला कंजूष म्हणताना आपण जमीनजुमला जपणाऱ्यांना काय म्हणतो, तेही आठवावं.

म्हणून नाटकातला, पंडितजींकडे शिकायला आलेला सदाशिव नोकर बनून हवेलीत राहतो आणि भिंतीआडून गायकी उचलतो, तेव्हा खाँसाहेबांचा संताप मला अनाठायी वाटत नाही. सदाशिवची तळमळ खरी आहे, प्रेक्षक त्याच्या बाजूनं असतो आणि असावाच. पण चोरी झालीय ती खाँसाहेबांच्या घरात.

(दृश्य: हवेलीचा दिंडी दरवाजा आतून उघडतो.)

खाँसाहेबांनी केलेलं मी झाकणार नाही. हवेलीत पाऊल टाकताच जुन्या, मवाळ सुरांना बाहेरची वाट दाखवणारं गाणं ते गातात. पराभूत माणसाच्या घरात उभं राहून असं गाणं हा निर्दयपणाच आहे. पंडितजींच्या मुलीकडे, उमाकडे पाहिलं की त्याची किंमत कळते. पण त्या गाण्यातला आवेश ऐका. ज्या सुरांनी इतकी वर्षं ह्याला दाराबाहेर उभं केलं, त्यांनाच तो हाकलतोय. अपमान साठवत गेलेला माणूस जिंकल्यावर उदार होईल ही अपेक्षा करणं सोपं असतं.

आणि ज्या पापासाठी प्रेक्षक त्यांना सर्वांत जास्त दोष देतो, ते तर त्यांचं नाहीच. चित्रपटात पंडितजींचा आवाज त्यांना खाऊ घातलेल्या शेंदरानं जातो. ते कारस्थान खाँसाहेबांच्या बेगमचं, नबिलाचं. दरबारात जिंकताना खाँसाहेबांना याचा पत्ताही नसतो. आयुष्यभर एकच गोष्ट मागितली, भानुशंकरांना समोर बसवून सुरांनी हरवणं. ती मिळाली असं वाटलं, आणि ती खोटी निघाली. समोरचा गायलाच नव्हता. मला तर ही शिक्षा कुठल्याही कट्यारीपेक्षा कठोर वाटते, कारण आता खरा निकाल कधीच लागणार नाही.

शेवटी खून माफ असलेली ती कट्यार हातात असूनही खाँसाहेबांच्या हातून सदाशिव मरत नाही. त्याचं गाणं त्यांना अडवतं. नुसता सत्तेला चिकटलेला माणूस तिथं थांबला नसता. सुराला शरण जाणं ज्याच्या रक्तात आहे तोच थांबतो, आणि दरबारातल्या कुणापेक्षाही जास्त कळत्या कानांनी तो त्या पोराचं गाणं ऐकतो.

(दृश्य: जनानखान्याची जाळी, पलीकडे दिवा.)

एक हिशेब मात्र अजून राहिलाय, तो नबिलाचा. साक्षी तंवरनं ही भूमिका केली. तिच्या वाट्याला प्रसंग फार थोडे आले. नवरा दर खेपेला हरून घरी येतो, बोलत नाही, जेवत नाही, रात्र रात्र रियाज करतो. हे सगळं जवळून पाहणारी घरात तीच एक. तिनं जे केलं ते घोर आहे. पण नाटकानं आणि चित्रपटानं खाँसाहेबांना पदामागून पदं दिली, आपली बाजू गाऊन सांगायला दिली. उद्या कुणी ही कथा पुन्हा रंगभूमीवर आणणार असेल, तर त्यानं शेंदराच्या आदल्या रात्रीचा एक प्रवेश नबिलासाठी लिहावा, आणि त्यात तिला एक पद द्यावं.