"तुझा भाऊ माणसात कावून येत नाही?"

रामराम मंडळी! आज जरा घरचंच बोलतो. माझा लहान भाऊ 23 वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम (स्वमग्नता) आहे, आणि गावात कोणीही भेटलं की पहिला प्रश्न हाच, "तुझा भाऊ माणसात कावून येत नाही बे?"

आता माणसात येणं म्हणजे काय ते पहा. लग्नात डीजे छातीवर आदळून राहिला, मंडपात हीऽऽ गर्दी, त्यात एक मावशी गाल धरून विचारते, "ओळखलं का मले?" अरे ओळखतो ना तो! पण डीजे, फोकस, फोडणीचा वास सगळं एकदमच डोक्यात घुसतं, उत्तर तोंडात येईस्तोवर मावशी पुढे गेलेली, अन् जाता जाता आईला ऐकवते, "पोराले काही वळण लावलं नाही बाई." मागच्या वर्षी चुलत बहिणीच्या लग्नात तो दोन तास नीट बसला, सगळ्यांच्या पाया पडला, सगळे खुश. घरी आल्यावर दोन दिवस खोलीतून निघाला नाही, ते कोणी पाहिलं? याला मास्किंग म्हणतात, चारचौघांसारखं दिसायची अ‍ॅक्टिंग, लय महागात पडते.

आणि आई-बाबांनी एका पंगतीत बसून शेवटचं कधी जेवलं ते मला आठवत नाही, दोघांपैकी एक जण नेहमी मंडपाबाहेर गाडीपाशी त्याच्यासोबत उभा. शाळा होती तोवर रोज चार चेहरे तरी दिसायचे, ती सुटली अन् तेही गेलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, निघतं, काढून घ्याच, पण कार्डावर कोणी चहाला बोलावत नाही ना भाऊ.

बरं, त्याला माणसं नकोच असतात का? दिवाळीनंतर संध्याकाळी आमच्याकडे वेचणीचा कापूस मोजतात, तेव्हा काट्यापाशी वही घेऊन तोच बसतो. प्रत्येक बाईचा कालचा आकडा डोक्यात. मान खालीच, "काल 38, आज 29. कावून?" ती म्हणते, "कंबर दुखून राहिली रे बाप्पा." तो वजनापुढे लिहितो, 'कंबर'. दुसऱ्या दिवशी ती आली की विचारतो, "कंबर?" आता हे बोलणं नाही तर काय आहे? तिच्या घरी तरी कोणी विचारलं असेल का, मला डाऊटच आहे.

डेमियन मिल्टन म्हणून संशोधक आहेत, स्वतः ऑटिस्टिक, त्यांनी 2012 मध्ये हेच मांडलं, की त्याला आपले इशारे कळत नाहीत तसे आपल्यालाही त्याचे कळत नाहीत. बोल मात्र त्यालाच. 2020 मध्ये कानगोष्टींसारखा एक प्रयोग छापून आला, एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची, त्याने तिसऱ्याला. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट बाकीच्यांच्या साखळीइतकीच नीट पोचली, दोन्ही मिसळले तिथे जास्त गळाली.

आता वैशाखात मामाकडे लग्न आहे. ठरलंय असं, की भावाने डीजे बंद झाल्यावर यायचं अन् पंगतीत पाणी वाढायचं, काम असलं की तो टिकतो. त्याने मामाला फोनवर विचारलं, "डीजे किती वाजता बंद?" मामा म्हणे, "नऊला." आता मामाचे नऊ म्हणजे साडेदहा, हे मला आजच त्याच्या वहीत लिहून द्यावं लागते.